एक प्रोग्राम, तीन प्लॅटफॉर्म: ‘चालतं’ म्हणजे नेमकं काय?

आज आपण एक साधा दिसणारा प्रश्न घेऊ. लिबरऑफिस विंडोजवर चालतं, मॅकवर चालतं, लिनक्सवरही चालतं. पण विंडोजसाठी डाउनलोड केलेली त्याची फाइल मॅकवर टाकली, तर ती काही उघडत नाही. असं का?

सुरुवात चिपपासून करू. प्रोग्रामर लिहितो तो सोर्स कोड. तो माणसाला वाचता येतो, प्रोसेसरला नाही. कंपायलर त्याचं प्रोसेसरच्या आज्ञांमध्ये रूपांतर करतो. या आज्ञा इंटेलच्या चिपच्या वेगळ्या आणि एआरएम चिपच्या वेगळ्या. म्हणून कोड एकच असला, तरी प्रत्येक चिपसाठी तो स्वतंत्रपणे कंपाइल करावा लागतो.

आता समजा, चिपही तीच आहे. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही टाकलेत. तरीही अडतं. कारण फाइल उघडायची किंवा खिडकी काढायची, तर प्रोग्राम ते काम ऑपरेटिंग सिस्टिमकडे मागतो आणि मागण्याची रीत प्रत्येकीची निराळी असते. इथे टूलकिट मदतीला येतं. प्रोग्राम म्हणतो, ‘इथे बटण हवं’. ते विंडोजकडे कसं मागायचं आणि लिनक्सकडे कसं, हे टूलकिट बघतं. जीटीके हे असंच एक टूलकिट. १९९० च्या दशकात ते गिंप या चित्रं संपादित करण्याच्या प्रोग्रामसाठी लिहिलं गेलं. पुढे इंकस्केपसारख्या इतर प्रोग्रामनीही ते वापरलं. व्हीएलसी आणि क्रिता ‘क्यूट’ हे दुसरं टूलकिट वापरतात.

मग यात सोर्स कोड खुला असण्याचं महत्त्व काय? रास्पबेरी पाय हा छोटा संगणक २०१२ मध्ये आला. त्याच्या एआरएम चिपला साजेशी डेबियन लिनक्सची आवृत्ती तयार नव्हती. तेव्हा काही स्वयंसेवकांनी डेबियनची हजारो पॅकेजेस त्या चिपसाठी पुन्हा कंपाइल केली आणि रास्पबियन तयार झालं. प्रत्येक प्रोग्रामच्या लेखकाकडे परवानगी मागायची गरजच नव्हती. ती परवान्यातच दिलेली होती. कोड बंद असता, तर मूळ कंपनी मनावर घेईपर्यंत वाट पाहण्याखेरीज फारसं काही हातात नसतं.

पण प्रोग्राम सुरू झाला म्हणजे झालं का? आपल्यासाठी खरी परीक्षा मराठी मजकुराची असते. ‘कि’ हे अक्षर घ्या. संगणकात आधी ‘क’ साठवला जातो आणि मग वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी आधी काढावी लागते. रफार, जोडाक्षरं यांचीही अशीच मांडणी करावी लागते. पूर्वी लिबरऑफिस हे काम विंडोज आणि मॅकवर त्या-त्या सिस्टिमवर सोपवत असे. त्यामुळे ओळी थोड्या कमीजास्त भरू शकत आणि पानं सरकत. २०१७ मधल्या ५.३ आवृत्तीपासून तिन्हीकडे हार्फबझ ही एकच खुली लायब्ररी हे काम करते. या नावातला ‘हर्फ’ फारसीतला, आपल्या ‘हरफ’ या शब्दाचाच सख्खा भाऊ!

तरी एक गोष्ट उरते, ती फाँटची. समोरच्या संगणकावर तुमचा फाँट नसेल, तर प्रोग्राम दुसरा वापरतो आणि पानांची मांडणी पुन्हा हलते. मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला असेल, तर निरर्थक चिन्हंच दिसतात. म्हणून आम्ही सुचवू, की युनिकोडमध्येच टाइप करा. मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरीसारखा खुल्या परवान्याचा फाँट घ्या. लिबरऑफिसमध्ये फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन तो दस्तऐवजातच एम्बेड करा.

आणि महत्त्वाचा अर्ज किंवा प्रबंध पाठवण्याआधी तो दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर एकदा उघडून बघा. पहिलं पान बहुधा ठीकच दिसेल. शेवटचं पान जागच्या जागी आहे का, ते तपासा.