ऑनलाइन गेममध्ये तुमच्यासमोर कोण येणार, हे ठरतं कसं?

ऑनलाइन गेम खेळणाऱ्या जवळपास प्रत्येकाची एक तक्रार असते, "तीन मॅच जिंकलो की चौथीला गेम मुद्दाम तगडी टीम समोर आणतो." मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि रात्री व्हॅलोरंट खेळतो, त्यामुळे हे वाक्य मित्रांकडून नेहमीच ऐकतो. त्यात तथ्य किती, हे समजून घ्यायचं तर प्ले बटण दाबल्यावर मागे काय होतं ते बघायला हवं. या कामाला मॅचमेकिंग म्हणतात.

प्रत्येकाचा एक आकडा

याचं मूळ बुद्धिबळात आहे. अर्पाद एलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी तयार केलेली रेटिंग पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने १९६० मध्ये स्वीकारली आणि पुढे १९७० मध्ये फिडेने.

कल्पना सोपी आहे. समजा, तुमचं रेटिंग १४०० आणि समोरच्याचं १६०० आहे. २०० गुणांचा फरक म्हणजे १०० गुणांपैकी साधारण ७६ त्याला मिळतील, असा अंदाज. एका डावात जास्तीत जास्त ३२ गुण बदलू शकतात असं धरलं, तर तो जिंकल्यावर त्याला फक्त ८ गुण मिळतात, कारण ते अपेक्षितच होतं. पण तुम्ही जिंकलात तर तुम्हाला २४ मिळतात आणि त्याचे २४ जातात.

नवीन खेळाडूची मात्र काहीच माहिती नसते. म्हणून ग्लिको आणि मायक्रोसॉफ्टच्या ट्रूस्किल या पद्धती दोन आकडे ठेवतात: तुमचं कौशल्य किती आणि त्या अंदाजावर भरवसा किती. भरवसा कमी असेल तेव्हा रेटिंग झपाट्याने वर-खाली होतं. नवीन अकाउंटला पहिल्या काही मॅचमध्ये मोठ्या उड्या दिसतात त्या यामुळेच. व्हॅलोरंटमध्ये तर हा खरा आकडा लपवलेला असतो. स्क्रीनवर दिसणारी रँक वेगळी.

तीन दोऱ्यांची ओढाताण

आकडा मिळाला म्हणजे काम झालं असं नाही. सर्व्हरला एकाच वेळी तीन गोष्टी सांभाळायच्या असतात: तुल्यबळ खेळाडू, कमी पिंग आणि थोडी प्रतीक्षा.

पिंगला निसर्गाचीच मर्यादा आहे. फायबर केबलमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत साधारण ३,९०० किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन किमान ४० मिलिसेकंद लागणारच, आणि प्रत्यक्षात त्याहून जास्त.

म्हणून सर्व्हर आधी जवळचे आणि तुमच्याच तोडीचे खेळाडू शोधतो. नाही मिळाले की हळूहळू अट सैल करतो: आधी ५० गुणांचा फरक चालत असेल, तर थोड्या वेळाने १००, मग २००. पहाटे ३ वाजता एकतर्फी मॅच होतात त्या यामुळे. रांगेत माणसंच कमी असतात!

त्यात टीम गेम असेल तर आणखी गुंता. १० खेळाडूंच्या ५-५ च्या दोन टीम १२६ प्रकारे पाडता येतात. त्यात तिघे मित्र एकत्र आले असतील, तर त्यांना वेगळं करता येत नाही.

मग गेम आपल्याला मुद्दाम हरवतो का?

जिंकलात की आकडा वाढतो आणि पुढचा प्रतिस्पर्धी त्या आकड्याच्या तोडीचा मिळतो. म्हणजे तो तगडा असणार, पण ही शिक्षा नव्हे. अंदाज जितका अचूक, तितकं तुमच्या विजयाचं प्रमाण ५० टक्क्यांकडे सरकतं. आणि शक्यता अगदी ५०-५० असली, तरी कुठल्याही चार मॅच घेतल्या तर चारही हरण्याची शक्यता १६ मध्ये १ असते. रोज खेळणाऱ्याला असा पराभवाचा सपाटा अधूनमधून दिसणारच.

संशयाला अगदीच आधार नाही, असंही नाही. खेळाडूंना गेममधल्या वस्तू विकत घ्यायला उद्युक्त करेल अशा मॅचमेकिंगचं पेटंट ॲक्टिव्हिजनला २०१७ मध्ये अमेरिकेत मिळालं. आपण ते कुठल्या गेममध्ये वापरलेलं नाही, असं कंपनीने तेव्हा सांगितलं होतं. बाहेरून हे तपासायची सोय आपल्याकडे नसते, ही खरी अडचण आहे.

पण "कौशल्य बघूच नका, कोणालाही कोणासमोर आणा" हा उपाय नाही. याच कंपनीने कॉल ऑफ ड्यूटीमध्ये कौशल्याचं महत्त्व कमी करून बघितलं आणि २०२४ मध्ये त्याचे निष्कर्ष जाहीर केले. नवखे खेळाडू जास्त प्रमाणात मॅच अर्धवट सोडू लागले आणि परत येईनासे झाले. विचार करा, सगळ्यात कच्चे खेळाडू निघून गेले की त्यांच्या वरचे लोक आता सगळ्यात कच्चे ठरतात. मग त्यांची पाळी. शेवटी रांगच रिकामी!

त्यामुळे पुढच्या वेळी सलग हरलात तर आधी दोन गोष्टी बघा: पिंग किती होतं आणि मॅच मिळायला वेळ किती लागला. दोन्ही नेहमीपेक्षा जास्त असतील, तर सर्व्हरने अटी सैल केल्या असण्याची शक्यता मोठी. गर्दीच्या वेळी खेळून बघा, फरक जाणवेल. आणि दोन्ही नेहमीसारखेच असतील, तर समोरचा बहुधा तुमच्याच तोडीचा होता. आज त्याचा दिवस होता, इतकंच.