धरण दोघांचं, छपरावरची वीज मात्र आपापली

जर्मनीतल्या पासाऊ शहराच्या खालच्या अंगाला डॅन्यूब नदीवर योखेनश्टाइनचं जलविद्युत केंद्र आहे. नदीचा एक काठ जर्मनीचा, दुसरा ऑस्ट्रियाचा. 132 मेगावॅटचं हे केंद्र दोन्ही देशांनी मिळून उभारलं, 1956 मध्ये ते पूर्ण झालं आणि वीज निम्मीनिम्मी वाटायची ठरली. महायुद्ध संपून तेव्हा जेमतेम दहा-अकरा वर्षं झाली होती. आज मात्र इथल्या जर्मन शेतकऱ्याला गोठ्यावरची उरलेली सौरवीज पैलतीरावरच्या शेजाऱ्याला द्यायची असेल, तर सरळ वाट नाही.

सगळं अडतं ते हिशोबावर. एकाच देशात तो जमतो. ऑस्ट्रियात 2021 च्या कायद्यामुळे गावकरी एकत्र येऊन आपली वीज आपसांत वाटून घेणारा गट, म्हणजे ऊर्जा समुदाय, काढू शकतात. समजा, शाळेच्या छपरावर पॅनेल आहेत. दुपारी बारा ते सव्वाबारा शाळेचे पाच युनिट उरले आणि त्याच पाव तासात बेकरीच्या भट्टीने तीन ओढले, तर ते तीन शाळेकडून बेकरीला गेले असं धरतात. वेगळी तार ओढायची गरज नाही. स्मार्ट मीटर दर पंधरा मिनिटांची नोंद ठेवतो, वितरण कंपनी ती जुळवते. रात्रीची वीज बेकरीवाला नेहमीच्या पुरवठादाराकडूनच घेतो. सगळे सभासद एकाच डीपीवरचे असतील तर वहनशुल्कात 57 टक्के सूट मिळते, कारण ही वीज वरच्या उच्चदाब वाहिन्या वापरतच नाही. आणि भाव सभासद आपसांत ठरवतात. मला यातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

सीमा आली की मीटरच्या नोंदी वेगळ्या, कर वेगळे, वहनशुल्क वेगळं. गावातल्या कमी दाबाच्या तारा तर बहुधा सीमेच्या अलीकडेच थांबतात. त्यात जर्मनी आणि ऑस्ट्रियाची घाऊक वीजबाजारातली सामाईक किंमत 1 ऑक्टोबर 2018 पासून संपली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये युरोपीय संघाच्या निर्देशाने ऊर्जा समुदायात सीमेपलीकडचे सभासद घेऊ देण्याची मुभा सदस्य देशांना दिली. सक्ती मात्र केली नाही.

सरकारांनी मनावर घेतलं की वीज सीमा ओलांडते, हे आपल्याकडेही दिसलं. नोव्हेंबर 2024 मध्ये नेपाळची 40 मेगावॅटपर्यंतची वीज भारतातल्या वाहिन्यांवरून बांगलादेशाला गेली. पण तो सरकारी पातळीवरचा करार होता. सीमेवरच्या गावांना याहून फार थोडं हवं आहे. शेजारी देशांनी एकमेकांच्या मीटरच्या नोंदी ग्राह्य धराव्यात आणि वहनशुल्कात कोणाचा किती वाटा, ते एकदाचं ठरवून टाकावं.