बंगालची फाळणी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

लोकमान्यांच्या काळापासून ‘वंगभंग’ हा शब्द महाराष्ट्राच्या तोंडी इतका बसला आहे, की बंगालच्या इतिहासाविषयी आपण सारे काही जाणतो असा समज सुशिक्षितांतही सहज पसरतो; म्हणूनच त्यातील तीन समजुती कागदपत्रांशी ताडून पाहणे अगत्याचे आहे.

गैरसमज : १९४७ ची फाळणी म्हणजे १९०५ चीच पुनरावृत्ती.

वस्तुस्थिती : १६ ऑक्टोबर १९०५ रोजी कर्झनने अंमलात आणलेली फाळणी ज्या भद्रलोक, म्हणजे सुशिक्षित उच्चवर्णीय, हिंदू समाजाने स्वदेशी आणि बहिष्कार यांच्या बळावर १९११ साली सरकारला मागे घ्यावयास लावली, त्याच समाजातील बहुतेक पुढाऱ्यांनी, अखंड प्रांत पाकिस्तानात जाईल या भयाने, १९४७ साली स्वतःच विभाजन मागितले. २० जून रोजी प्रांतिक विधिमंडळात पश्चिमेकडील सभासदांनी ५८ विरुद्ध २१ मतांनी विभाजनाच्या बाजूने कौल दिला, तर पूर्वेकडील सभासदांनी १०६ विरुद्ध ३५ मतांनी ते नाकारले. परंतु ब्रिटिश सरकारच्या फाळणी योजनेनुसार एका भागाचा होकारही पुरेसा होता.

गैरसमज : सरहद्द धर्मनिहाय शिरगणतीबरहुकूम आखली गेली.

वस्तुस्थिती : ८ जुलै १९४७ ला प्रथमच हिंदुस्थानात आलेले सरहद्द आयोगाचे अध्यक्ष रॅडक्लिफ यांच्या निवाड्याने मुसलमान बहुसंख्येचा मुर्शिदाबाद, कलकत्ता बंदराला जगविणाऱ्या भागीरथीचा उगम तेथे असल्यामुळे, भारतास दिला, तर किंचित हिंदू बहुमताचा खुलना आणि प्रामुख्याने बौद्ध वस्तीचा चितगावचा डोंगरी मुलूख पाकिस्तानात घातला. हा निवाडा १७ ऑगस्टला जाहीर झाला. तोवर मुर्शिदाबादेत पाकिस्तानचे आणि खुलन्यात भारताचे निशाण फडकत होते.

गैरसमज : १९४७ साली वाटणी पुरी झाली.

वस्तुस्थिती : कुचबिहारचे संस्थानिक आणि मोगल यांच्या जुन्या अंमलातून उरलेले, परक्या मुलखाने वेढलेले जमिनीचे तुकडे, ज्यांना तिकडे छिटमहाल म्हणतात, तसेच राहिले. त्यांपैकी दहला खागराबाडी हे तागाचे एक शेत भारताचे होते. त्याच्या भोवती बांगलादेशाची जमीन, तिच्या भोवती पुन्हा भारताची, आणि या साऱ्याच्या भोवती बांगलादेश! भारताचे १११ आणि बांगलादेशाचे ५१ असे १६२ छिटमहाल ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री भोवतालच्या देशात विलीन झाले. तोवर तेथील माणसे शाळा, दवाखाना आणि मताधिकार यांवाचून पिढ्यान्‌पिढ्या राहिली.

धर्माची रेघ मारली की प्रश्न मिटतो, असे जो म्हणेल, त्याच्यापुढे वाचकांनी मुर्शिदाबाद, खुलना आणि ते तागाचे शेत ठेवावे.