वेस्टमोर घराणे
वेस्टमोर घराणे : हॉलिवुडमधील रंगभूषाकारांचे ख्यातनाम घराणे. रंगभूषेला चित्रपटनिर्मितीच्या एका स्वतंत्र विभागाचे स्थान मिळवून देण्यात या घराण्याचा मोठा वाटा आहे.

घराण्याचा मूळ पुरुष जॉर्ज वेस्टमोर (१८७९–१९३१) हा इंग्लंडमधील आइल ऑफ वाइट या बेटावरचा केशरचनाकार व केसांचे टोप बनविणारा कारागीर. अमेरिकेत स्थलांतर केल्यावर १९१७ मध्ये त्याने लॉस अँजेल्स येथील सीलिग स्टुडिओत रंगभूषा विभाग सुरू केला. हा हॉलिवुडमधील अशा प्रकारचा पहिला विभाग मानला जातो. तत्पूर्वी नट-नटी आपली रंगभूषा स्वतःच करीत. रंगभूमीवरील ही पद्धत कॅमेऱ्यापुढे अपुरी पडे. तत्कालीन फिल्म तांबड्या रंगास जवळजवळ असंवेदनशील असल्याने ओठांची व गालांची लाली पडद्यावर काळी दिसे, तर निळे डोळे अगदी फिकट दिसत. शिवाय एकाच प्रसंगाचे चित्रण अनेक दिवस चाले. त्यामुळे चेहऱ्यात सातत्य राखण्यासाठी जाणकार कारागिराची गरज भासू लागली.

जॉर्जचे माँटी (१९०२–४०), पर्क (१९०४–७०), अर्न (१९०४–६७), वॉली (१९०६–७३), बड (१९१८–७३) व फ्रँक (१९२३–८५) हे सहाही मुलगे याच व्यवसायात शिरले. त्यांपैकी पर्क आणि अर्न ही जुळी भावंडे. पर्कने वॉर्नर ब्रदर्समध्ये, वॉलीने पॅरामाउंटमध्ये व बडने युनिव्हर्सलमध्ये रंगभूषा विभागाचे प्रमुखपद भूषविले. माँटीने गॉन विथ द विंड (१९३९) या चित्रपटासाठी काम केले. पर्कने द हंचबॅक ऑफ नोत्र दाम (१९३९) मध्ये चार्ल्स लॉटनला कुबड्याचे विद्रूप रूप दिले. वॉलीची रंगभूषा असलेल्या डॉ. जेकिल अँड मि. हाइड (१९३१) मधील रूपांतर विशेष गाजले. चेहऱ्यावर रंगीत रेषा काढून कॅमेऱ्यापुढील रंगीत काच बदलली, की आधी न दिसणाऱ्या रेषा कृष्णधवल चित्रात हळूहळू गडद होत. या भूमिकेबद्दल फ्रेड्रिक मार्च यास ऑस्कर पारितोषिक लाभले. रंगभूषेसाठी मात्र त्या काळी पारितोषिकच नव्हते.

श्रेयाचा प्रश्न घराण्याच्या नावाभोवतीही निर्माण झाला. क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून (१९५४) मधील जलमानवाचे संकल्पन मिलिसेंट पॅट्रिक या चित्रकर्तीचे होते. परंतु श्रेयनामावलीत विभागप्रमुख बड याचेच नाव झळकले. तिला मिळालेली प्रसिद्धी बडला रुचली नाही व युनिव्हर्सलमधील तिचे काम थांबले. पुढे अभ्यासकांच्या प्रयत्नांमुळे तिचे कर्तृत्व प्रकाशात आले.

रंगभूषेसाठी ऑस्कर पारितोषिकाचा नियमित विभाग १९८१ च्या चित्रपटांपासून सुरू झाला. माँटीचा मुलगा मायकेल यास मास्क (१९८५) या चित्रपटासाठी ते विभागून मिळाले. २००८ मध्ये हॉलिवुडच्या ‘वॉक ऑफ फेम’ या पदपथावर वेस्टमोर घराण्याच्या नावाचा तारा बसविण्यात आला.