गोल्डफिशच्या पाण्याचा हिशेब

घरातला गोल्डफिश मेला की हमखास ऐकू येतं, ‘घरावरचं संकट त्याने स्वतःवर घेतलं.’ या समजुतीने मनाला दिलासा मिळत असेल, पण मासा का मेला ही चौकशी तिथेच थांबते. दुसरा मासा येतो, त्याच पाण्यात पडतो आणि काही दिवसांत तोही ‘संकट घेतो’. शुभ म्हणून आठ सोनेरी आणि एक काळा मासा ठेवण्याच्या प्रथेचं गणितच मांडून बघा. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकी काठोकाठ भरली तरी पाणी मावतं सुमारे ५७ लिटर. नऊ जणांत वाटलं तर माशामागे सहा लिटरच्या आसपास. गोल्डफिश कार्पच्या कुळातला; त्याचा साधा, लांबट प्रकार नीट वाढला तर फूटभर होतो. एकाच माशासाठी ७५ लिटर हा जाणकारांचा नेहमीचा सल्ला आहे.

एवढं पाणी लागतं ते पोहायला जागा हवी म्हणूनच नव्हे. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. तो पाण्यात विरघळलेला असतो, डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे पाणी आरशासारखं नितळ आणि तरीही विषारी असू शकतं. या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जीवाणू फिल्टरच्या स्पंजवर, तळाच्या खड्यांवर वस्ती करतात. ती वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि आपण ती रविवारच्या साफसफाईत नळाखाली धुऊन टाकतो. मग घाण काढायचीच नाही का? काढायची, पण आठवड्याला साधारण पाव टाकी पाणी बदलून. नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि टाकीतल्या पाण्याइतक्याच तापमानाचं हवं. स्पंज पिळायचा तो टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यातच.

यापेक्षा क्रूर गैरसमज भुकेचा. मासा पृष्ठभागाशी तोंड उघडमीट करू लागला की घरातलं कोणीतरी ‘भुकेला दिसतोय बिचारा’ म्हणत खाद्याची चिमूट सोडतं. माणूस जवळ आल्यावर लगबगीने वर येणारा मासा खाणं मागत असतो, हे खरं. पण कोणी नसतानाही वरच रेंगाळणारा मासा बहुधा गुदमरत असतो. २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. मुंबईतल्या मे महिन्याचा विचार करा. त्यात न खाल्लेलं खाद्य कुजतं, उरलासुरला प्राणवायू खातं आणि अमोनिया वाढवतं. गोल्डफिशला जठर नसतं, अन्न थेट आतड्यात जातं. त्यामुळे तो ‘पुरे’ म्हणेल याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

‘आमचा तर काचेच्या बाउलमध्ये दोन वर्षं जगला!’ हा आक्षेप ठरलेला. तो जगला, कारण हा मासा कमालीचा चिवट आहे. थंड पाण्यातला प्राणवायू संपला तर तो शरीरातल्या लॅक्टिक आम्लाचं अल्कोहोल करून कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो आणि तग धरतो. पण तग धरणं वेगळं. चांगल्या टाकीत दहा-पंधरा वर्षं हे त्याचं सहज आयुष्य. इंग्लंडमधला ‘टिश’ ४३ वर्षांचा होऊन १९९९ मध्ये मेला. टाकीच्या मापानेच मासा वाढतो म्हणतात, त्यात मुख्यतः खराब पाण्याने खुंटलेली वाढ असते. आणि तीन सेकंदांच्या स्मरणशक्तीची गोष्ट सोडूनच द्या: इस्रायलच्या बेन-गुरियन विद्यापीठात गोल्डफिशना पाण्याची टाकी बसवलेली चाकांची गाडी खोलीत ठरावीक खुणेपर्यंत न्यायला शिकवलं गेलं, ते संशोधन २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं.

म्हणून खरेदीचा क्रम उलटा करा. आधी दीडशे लिटरची टाकी आणि फिल्टर आणा, रोज चिमूटभर खाद्य टाकून ती रिकामीच चालू ठेवा आणि अमोनिया आणि नायट्राइट तपासायचं किट घ्या. अमोनिया वाढून पुन्हा शून्यावर आला, पाठोपाठ नायट्राइटही, की मगच दुकानात जा. आणि नऊ नको, दोनच मासे आणा.