मंडळाचं देणं

२९ डिसेंबर २०२४. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात प्रो कबड्डीच्या अकराव्या हंगामाचा अंतिम सामना रंगला होता. मॅटवर हरियाणा स्टीलर्स आणि पाटणा पायरेट्स. यजमान शहराची पुणेरी पलटण प्लेऑफपर्यंतही पोचली नव्हती. हरियाणाने ३२-२३ असा सामना मारला आणि पहिल्यांदाच करंडक उचलला. त्या विजेत्या संघात इराणचा मोहम्मदरेझा शादलू होता. दहाच महिन्यांपूर्वी, १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला, हाच शादलू पुण्याच्या जर्सीत होता आणि समोर होती हीच हरियाणा. २८-२५ अशा त्या विजयाने पलटणला पहिलं विजेतेपद मिळालं होतं.

पुण्याने त्याच्यासाठी २ कोटी ३५ लाख रुपये मोजले होते. पुढच्या हंगामात हरियाणाने २ कोटी ७ लाखांना घेतलं आणि २०२५मध्ये गुजरात जायंट्सने २ कोटी २३ लाखांना. पुण्याआधी तो पाटण्याकडे होता. लागोपाठ चार हंगाम, चार जर्सी.

अशा वेळी कट्ट्यावर, चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास ऐकू येतं: पैशापुढे आता निष्ठा राहिली नाही. वाक्य सोपं आहे. पण ते ज्याच्या नावाने म्हटलं जातं, तो खेळाडू बहुतेक वेळा संघ बदलण्याच्या निर्णयाचा धनी नसतो.

हाच वाद सध्या अमेरिकेत कॉलेज फुटबॉलवरून पेटलेला आहे. तिथलं फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडूचं, अंगावर चिलखत घालून खेळायचं. विद्यापीठांच्या संघांचं तिथे विलक्षण वेड आहे. एकट्या मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये लाखाहून जास्त माणसं बसतात. प्रक्षेपणाच्या हक्कांतून विद्यापीठं अफाट पैसा कमवत होती, प्रशिक्षकांना कोट्यवधींचे पगार होते, आणि खेळणाऱ्या पोरांना शिष्यवृत्तीपलीकडे काही घ्यायची मुभा नव्हती. जाहिरातीत चेहरा दिला किंवा सहीचे पैसे घेतले, तर बंदी. जून २०२१मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने खेळाडूंना मिळणाऱ्या शैक्षणिक लाभांवरच्या मर्यादांच्या खटल्यात एकमताने खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतर काही दिवसांतच, १ जुलैपासून, स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे कमवायची परवानगी मिळाली. त्याच वर्षी विद्यापीठ बदलल्यावर एक वर्ष मैदानाबाहेर बसायची अटही सैल झाली. दोन दारं एकदम उघडली. पुरस्कर्ते आणि श्रीमंत माजी विद्यार्थी गट करून खेळाडूंसाठी पैसा उभा करू लागले, आणि खेळाडू दर हंगामाला नवं विद्यापीठ शोधू लागले.

एप्रिल २०२५मध्ये टेनेसी विद्यापीठाचा क्वार्टरबॅक (चाल रचून चेंडू फेकणारा खेळाडू) निको इयामालेआवा याने मानधनाची बोलणी फिसकटल्याच्या बातम्या सुरू असतानाच संघ सोडला आणि थेट लॉस एंजेलिसचं विद्यापीठ गाठलं. एका सराव सत्राला तो आला नाही आणि सगळं संपलं. २०२५च्या उन्हाळ्यात न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीमुळे आता विद्यापीठंच खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी जास्तीत जास्त २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत.

वरवर पाहता पुणं आणि टेनेसी यांची गोष्ट एकच वाटते. ती तशी नाही. तिकडे खेळाडू संघ निवडतो. आपल्याकडे संघ खेळाडू निवडतो.

प्रो कबड्डीचा लिलाव नीट पाहिला की हे कळतं. खेळाडूंचे चार गट असतात आणि मूळ किमती अनुक्रमे ३० लाख, २० लाख, १३ लाख आणि ९ लाख. प्रत्येक फ्रँचायझीकडे खर्चाला ५ कोटींची थैली. त्यातच अख्खा संघ बसवायचा. पुण्याने शादलूवर २ कोटी ३५ लाख टाकले, म्हणजे जवळजवळ निम्मी थैली एका माणसावर रिकामी झाली. विजेतेपद मिळाल्यावर बाकीच्या पोरांचा भाव वाढणारच. मग महागड्या खेळाडूला पुन्हा लिलावात सोडायचं आणि तरुण फळी राखायची, हा हिशेब कोणताही व्यवस्थापक करेल. पुण्याने तोच केला. त्यात शादलूची फितुरी कुठे आली? लिलावात नाव गेल्यावर जो संघ शेवटची बोली लावेल त्याच्याकडे जायचं, एवढंच त्याच्या हातात होतं.

लिलाव निष्ठा किती झटपट बदलायला लावतो, याचा याहून बोलका दाखला शादलू पुण्याकडे आला त्या ऑक्टोबरात आहे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारत आणि इराण यांच्यात अंतिम सामना झाला. एका गुणाच्या वादावरून खेळ बराच वेळ थांबला, दोन्ही संघ मॅटवर बसून राहिले आणि अखेर भारताने ३३-२९ असं सुवर्ण जिंकलं. शादलू इराणकडून होता. भारताच्या संघात अहिल्यानगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार होता. दोनच दिवसांनी मुंबईत लिलाव झाला आणि शादलू पुण्याकडे आला. ज्याच्या देशाशी एवढं हमरीतुमरीवर आलेलं, तो आता अस्लमच्या संघात, अस्लमच्याच कप्तानीखाली. आणि दोघांनी मिळून करंडक आणला.

लीगच्या आधी निष्ठा कुठे राहायची? गल्लीतल्या मंडळात. पुण्यात, मुंबईत, सांगली-कोल्हापूरकडे संध्याकाळी मंडळाच्या मैदानात पाणी मारून माती बसवायची, आखणी करायची आणि दिव्याच्या उजेडात चढाई-पकडीचा सराव. जर्सीवर मंडळाचं नाव, खुराकाला वर्गणी. जत्रेच्या नाहीतर शिवजयंतीच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं तर ते सगळ्यांचं. पण तेव्हाही चांगला खेळाडू मंडळात कायम राहायचा असं नाही. एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, महिंद्रा, रेल्वे, पोलीस यांचे संघ होते. तिथे नोकरी लागली की पोरगा त्यांच्याकडून खेळायचा आणि मंडळ पेढे वाटायचं. कोणी त्याला निष्ठा सोडली असं म्हटलं नाही, कारण त्या बदल्यात घरात महिन्याचा पगार येत होता. म्हणजे पैशामुळे संघ बदलणं नवं नाही. नवीन आहे ती त्याची जाहीर किंमत आणि त्याचा वेग.

कॉलेजचं नातं तर आपल्याकडे आणखी वेगळं. इथलं कॉलेज खेळाडूला फी माफ करतं, वसतिगृहात जागा देतं, किट देतं. खेळाचे वाढीव गुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे. मोठा पैसा कॉलेजकडे कधीच नव्हता. पण पैसा नसतानाही एका प्राचार्यांनी काय केलं, हे महाराष्ट्र विसरू शकत नाही. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण टाकून ७ हजार रुपये उभे केले. खाशाबांनी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलं आणि परतल्यावर कुस्त्यांचे फड भरवून ते कर्ज फेडायला हात दिला. त्या घरात आणि त्या फडांत निष्ठा दोन्ही बाजूंनी होती. ज्याने दिलं त्याने स्वतःचं गहाण टाकलं, ज्याने घेतलं त्याने परत केलं.

आजच्या व्यवहारात हा दुसरा भाग गळून पडला आहे.

चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीच्या सिद्धार्थ देसाईची वाटचाल पाहावी. सीमाभागाला लागून असलेलं छोटं गाव. २०१८मध्ये यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतलं. पहिल्याच हंगामात त्याने चढायांनी धुमाकूळ घातला आणि पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाख मोजले. मग दुखापत झाली. २०२२मध्ये त्याच टायटन्सकडे त्याची किंमत २० लाखांवर आली आणि त्यानंतर २०२३मध्ये हरियाणाने १ कोटीला घेतलं. एका गुडघ्यावर नाहीतर खांद्यावर एवढी चढउतार अवलंबून असेल, तर वीस-पंचविशीतल्या पोराला आयुष्यभराची कमाई सहा-सात हंगामांत करावी लागते. परदीप नरवालने पाटण्याला लागोपाठ तीन विजेतेपदं मिळवून दिली. २०२१मध्ये यूपी योद्धाने त्याच्यासाठी १ कोटी ६५ लाख मोजले. २०२५च्या लिलावात त्याच परदीपवर कोणी बोलीच लावली नाही, आणि त्याने निवृत्ती जाहीर केली. ज्या लीगने त्याच्या नावावर तिकिटं विकली, तिच्याकडे त्याच्यासाठी जागा उरली नव्हती. त्याच्याकडून निष्ठेची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

आणि तरीही काही खेळाडू टिकून आहेत. अस्लम इनामदार २०२१-२२च्या हंगामात नवखा म्हणून पलटणमध्ये आला तो आजही तिथेच आहे. २०२४मध्ये गुडघ्याच्या दुखापतीने तो हंगामाच्या मध्यातच बाहेर पडला, पलटणची घसरण झाली, पण संघाने त्याला सोडलं नाही. २०२५मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली पुणं पुन्हा अंतिम फेरीत गेलं आणि दबंग दिल्लीकडून ३१-२८ असं थोडक्यात हरलं. तरुण खेळाडू लहान वयात हेरायचे, एकत्र वाढवायचे आणि राखायचे, हे पुण्याचं धोरण आहे. ते शहाणपणाचं आहे, आणि निष्ठा उपदेशातून येत नाही, सांभाळण्यातून येते, याचा हा चालता पुरावा आहे.

राज्याची जर्सी चढवली की गटतट कसे विरघळतात, हेही २०१८च्या जानेवारीत दिसलं. लीगमध्ये रिशांक देवाडिगा यूपीकडे होता, गिरीश इर्नाक पुण्याकडे. हैदराबादच्या राष्ट्रीय स्पर्धेत दोघे महाराष्ट्रासाठी एकत्र उतरले आणि ११ वर्षांनी राज्याला विजेतेपद मिळालं.

खरा अन्याय कुठे होतो, तर ज्यांनी हे खेळाडू घडवले त्यांच्यावर. लिलावाच्या पडद्यावर खेळाडूचं नाव येतं, किंमत येते, फ्रँचायझीचं चिन्ह येतं. ज्या मंडळाने त्याला दहाव्या वर्षी मातीत उतरवलं, ज्या शिक्षकाने स्वतःच्या खिशातून एसटीचं तिकीट काढून त्याला जिल्हा निवडीला नेलं, ज्या कॉलेजने हजेरीत सवलत दिली, त्यांचं नाव त्या पडद्यावर येत नाही.

जागतिक फुटबॉलमध्ये यावर तोड काढलेली आहे. करार संपण्याआधी खेळाडूने क्लब बदलला आणि त्यासाठी रक्कम मोजली गेली, तर त्यातला ५ टक्के हिस्सा १२ ते २३ या वयात त्याला घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटला जातो. जगज्जेत्या क्लबाचा पैसा अशा वाटेने एखाद्या खेड्यातल्या मैदानापर्यंत पोचतो. कबड्डीत बोलीची रक्कम म्हणजे खेळाडूचंच मानधन असतं, त्यामुळे हा हिस्सा त्याच्या खिशातून कापणं चुकीचं ठरेल. तो फ्रँचायझीने वर द्यायला हवा. सिद्धार्थच्या १ कोटी ४५ लाखांवर ५ टक्के म्हणजे ७ लाख २५ हजार रुपये. एवढ्यात एका गावाच्या मंडळाचं चांगल्या मॅटचं, खुराकाचं आणि प्रशिक्षकाच्या मानधनाचं कितीतरी काम होईल, आणि पुढचा सिद्धार्थ तिथूनच निघेल.

प्रो कबड्डीच्या आयोजकांनी, बारा फ्रँचायझींनी आणि महाराष्ट्राच्या कबड्डी संघटनेने पुढच्या लिलावाआधी हा नियम करावा. खेळाडूच्या नावाखाली त्याच्या पहिल्या मंडळाचं नाव पडद्यावर दाखवावं, आणि त्या मंडळाचा हिस्सा त्याच हंगामात मंडळाच्या खात्यात जमा करावा.