हजार एक, हजार दोन

देवळ्यात एका शाळेच्या मैदानावर पोरांचा बास्केटबॉलचा सामना बघत उभा होतो. सिमेंटचं कोर्ट, रिंगची जाळी कधीच गेलेली, टेबलाशी एक सर स्टॉपवॉच धरून बसलेले. माझं लक्ष चेंडूवरून उडालं ते पंचांच्या हातामुळे. एका संघाने स्वतःच्या अर्ध्यात चेंडू घेतला आणि पंचांचा हात हलू लागला. छातीपासून बाहेर, परत छातीशी, पुन्हा बाहेर. लांबून बघणाऱ्याला वाटावं, माशी हाकलताहेत. पोरं मधली रेषा ओलांडायच्या आत आठ झोके पुरे झाले, शिट्टी वाजली, आणि चेंडू समोरच्या संघाला गेला.

पंचांच्या मनगटावर घड्याळ नव्हतं. असतं तरी त्यांनी बघितलं नसतं. नजर मनगटावर गेली, तर तेवढ्यात कोण कोणाला ढकलतं ते निसटतं. डोळे खेळाडूंवर गुंतलेले असतात, म्हणून मोजायचं काम हातावर आणि जिभेवर येतं.

आणि मोजायचं तरी किती! चेंडू आठ सेकंदांत आपल्या अर्ध्यातून पुढे न्यायचा. रेषेबाहेरून आत फेकायला पाच सेकंद, फ्री थ्रोला पाच. चेंडू हातात धरून उभ्या खेळाडूला समोरच्याने मीटरभराच्या आत येऊन अडवलं, की तिथेही पाच, आणि त्याने ड्रिबल सुरू केलं की ही मोजणी तिथेच मोडते. शिवाय रिंगखालच्या रंगवलेल्या जागेत हल्ला करणाऱ्या संघाच्या खेळाडूने सलग तीन सेकंदांपेक्षा जास्त रेंगाळायचं नाही. या तिनाला हात हलवत नाहीत, ते मनातच मोजायचे. त्यात नियमाने थोडं मन मोठं ठेवलंय: खेळाडू बाहेर पडायच्या प्रयत्नात असेल, तर त्याला सांभाळून घ्यायचं.

हाताचे झोके पंच स्वतःसाठी मोजतात, तसे सगळ्यांना दिसावेत म्हणूनही. मोजणी उघड असली की चेंडूवाल्या पोरालाही कळतं, आता घाई कर. मनातल्या आकड्याशी भांडता येतं. डोळ्यांसमोर हललेल्या हाताशी भांडणं जड जातं.

सामना संपल्यावर पंचांना विचारलं, ‘‘सर, घड्याळाशिवाय आठ कळतात कसे?’’

‘‘जिभेवर मोजतो. हजार एक, हजार दोन, हजार तीन...’’

युक्ती जगभरची आहे. नुसतं ‘एक, दोन, तीन’ म्हटलं की जीभ पळते, म्हणून आकड्यापुढे एक जड शब्द बांधायचा. अमेरिकेतली पोरं त्यासाठी मिसिसिपी नदीचं नाव घेतात. पण ‘हजार एक’ ऐकून मला एकदम आर्यभट आठवला, आणि घरी येऊन मी कागदावर हिशेब मांडला.

आपल्याकडे दिवसाच्या साठ घटका, घटकेची साठ पळं. म्हणजे घटका २४ मिनिटांची आणि पळ २४ सेकंदांचं. इसवी सन ४९९च्या सुमाराच्या आर्यभटीयात या पळाचं माप दिलंय: साठ गुरू अक्षरं उच्चारायला लागणारा वेळ, किंवा सहा श्वास. म्हणजे एक श्वास चार सेकंदांचा. दिवसाला २१,६०० श्वास असं कीर्तनात ऐकतो, ते याच हिशेबाने. आणि एक गुरू अक्षर ०.४ सेकंदाचं.

आता ‘हजार एक’ आपण बोलतो तसं तोडा. ‘ह’ लघू, म्हणजे अर्धं माप. ‘जार्’ गुरू, ‘एक्’ गुरू. बेरीज अडीच गुरू. अडीच गुणिले ०.४ म्हणजे बरोबर एक सेकंद! हा योगायोगच, पंचांनी काही आर्यभटीय उघडलेलं नाही. पण दीड हजार वर्षांपूर्वीचा गणिती आणि आमच्या मैदानावरचा शिट्टीवाला एकाच घड्याळावर चालताहेत, हे बघून मी बराच वेळ हसत बसलो.

एक खोड मात्र सापडली. एकपासून आठपर्यंत सगळे आकडे बोलताना एका ठोक्याचे: एक, दोन, तीन, चार, पाच, सात, आठ. फक्त ‘सहा’ दोन ठोक्यांचा. त्यामुळे मराठीत मोजणाऱ्याचा सहावा सेकंद १.२ सेकंदांचा होतो. चेंडूवाल्याला तेवढीच सवलत.

आवाजाने वेळ मोजणं आपल्याला परकं नाहीच. कबड्डीत चढाईची मुदत पूर्वी दमाची असे. ‘कबड्डी कबड्डी’ थांबलं की चढाई संपली, पंच कान लावून ऐकायचा. आता तीस सेकंदांचं घड्याळ आलं, तरी दम घुमवावा लागतोच.

बास्केटबॉलमधल्या मोठ्या घड्याळाचीही गंमत आहे. पूर्वी आघाडीवरचा संघ चेंडू धरून बसे. १९५०मध्ये अमेरिकेत एक व्यावसायिक सामना १९-१८ असा संपला. प्रेक्षक कंटाळले. १९५४मध्ये सिराक्यूज संघाचे मालक डॅनी बायसोन यांनी हिशेब केला: ४८ मिनिटं म्हणजे २,८८० सेकंद, चांगल्या सामन्यात दोन्ही संघांचे मिळून १२० फेकी, भागाकार २४. तेव्हापासून तिथल्या व्यावसायिक सामन्यांत दर चढाईला, चेंडू रिंगकडे फेकायला २४ सेकंद. आंतरराष्ट्रीय नियमांत ही मर्यादा आधी तीसची होती, २०००पासून तीही २४वर आली. बरोबर एक पळ. जिथे हे घड्याळ टांगलेलं असतं तिथे पंचांना आठाचा पडताळा मिळतो: २४ वरून १६ उरले, की आठ संपले. देवळ्याच्या त्या कोर्टावर सगळी भिस्त हातावर.

घड्याळ असलं म्हणजे वाद मिटतो असंही नाही. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमधल्या अंतिम सामन्याचे शेवटचे तीन सेकंद घड्याळाच्या गोंधळात पुन्हा पुन्हा खेळवले गेले आणि सोव्हिएत संघ ५१-५० असा जिंकला. अमेरिकेच्या खेळाडूंनी रौप्यपदकं घेतलीच नाहीत. शेवटी बटण दाबतो तोही माणूसच. काही दिसल्यावर बोट हलायला सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो. आज नियम सांगतो की बाहेरून आत आलेला चेंडू पकडून मग रिंगकडे फेकायचा, तर घड्याळात किमान ०.३ सेकंद हवा. त्याहून कमी असेल तर चेंडू नुसता टोलवायचा किंवा थेट रिंगमध्ये कोंबायचा.

तुम्हीही करून बघा. मोबाइलवर स्टॉपवॉच लावा, पडदा झाका, हात हलवत ‘हजार आठ’पर्यंत मोजा. मग घरातल्या पोरांना शेजारी आरडाओरडा करायला सांगून पुन्हा मोजा. आकडा आठाच्या आत दिसला, तर एका निर्दोष पोराच्या हातचा चेंडू तुम्ही काढून घेतलात.